बाईंना नाही कोण म्हणणार

दार उघडून बाई आत आल्या आणि डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठले. पेशंटसाठी उठून उभं राहायची त्यांची पद्धत नव्हती. एकदा एका मंत्र्याची मेहुणी आली होती, तेव्हाही त्यांनी बसल्या बसल्याच मान हलवली होती. पण आज पाय त्यांना विचारून उठले नव्हते. पंचेचाळिशी ओलांडलेला, शहरभर नाव झालेला, लोकांची नाकं सरळ आणि पोटं सपाट करणारा हा माणूस हात मागे बांधून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून सुरात निघालं, “नमस्ते, बाई.”

बाजूला फाइल लावत असलेल्या सिस्टरनं चमकून वर पाहिलं.

“बावीस ना तू?” बाई म्हणाल्या.

“हो, बाई.”

गणिताच्या बाई शाळेत कुणाला नावानं हाक मारत नसत. एका वर्गात एकाच नावाची चार पोरं असतात, पण नंबर एकालाच असतो, असा त्यांचा हिशेब. त्यांनी जन्मात कधी कुणावर हात उगारला नाही, कारण तशी गरजच पडली नाही. त्या पोराला फळ्यापाशी उभं करायच्या, हाताची घडी घालायच्या आणि खिडकीबाहेर बघत राहायच्या. “येत नाही, बाई,” असं म्हटलं की म्हणायच्या, “येईल.” आणि पुन्हा खिडकीबाहेर. त्या शांततेत भल्याभल्यांना घाम फुटायचा. एकदोघांना तर नुसत्या धास्तीनं उत्तरही आलं होतं.

“बसा ना, बाई,” डॉक्टर म्हणाले.

पेशंटसाठी ठेवलेल्या दोन्ही खुर्च्या सजावटवाल्यानं निवडलेल्या होत्या. दिसायला देखण्या, पण अंगानं नाजूक आणि दोन्ही बाजूंना हात असलेल्या. बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं. अंदाज चुकायची त्यांना सवय नव्हती. टेबलाला वळसा घालून त्या डॉक्टरांच्या ऐसपैस खुर्चीत जाऊन बसल्या.

“तूही बस,” त्या म्हणाल्या. डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसले.

“गुडघे गेलेत माझे,” बाईंनी सुरुवात केली. “गुडघ्यांचा डॉक्टर म्हणतो, आधी वजन उतरवा, मग नवे बसवून देतो. आता मला सांग, हे वजन कशाचं आहे?”

“चरबीचं, बाई.”

“आणि चरबी कोण काढतं?”

“मी, बाई.”

“मग झालं तर. चाळीस किलो काढ.”

बाईंचं कुठलंही गणित असंच असायचं. एका पायरीवरून दुसरीवर पाय ठेवावा तसं माणूस चालत जायचा आणि शेवटी कुठे येऊन पोचलो ते बघून चक्रावायचा.

अशा माणसाला काय सांगायचं ते डॉक्टरांना तोंडपाठ होतं. लायपोसक्शन हा वजन उतरवायचा उपाय नव्हे. काही केल्या हटत नाही असा एखादा हट्टी फुगवटा असेल, तर तो नळीनं ओढून घ्यायचा, एवढंच त्याचं काम. एका वेळी पाचेक लिटरच्या पुढे जायचं नाही. आणि माणूस मुळातच जाडजूड असेल तर त्या थोड्याशा फायद्यापायी जिवाशी खेळ. कालच त्यांनी एका हॉटेलमालकाला हे सगळं ऐकवून चहासुद्धा न देता परत पाठवलं होतं. हॉटेलमालक चिडला होता, दुसऱ्या कुणाकडे जाईन म्हणाला होता. “खुशाल जा,” असं डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

“बाई, त्याचं असं आहे...” डॉक्टर म्हणाले.

बाईंनी हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

सिस्टरनं फाइल लावायचं थांबवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्या गाडीची पिं पिं तेवढी ऐकू येत राहिली.

“बघू, बाई,” डॉक्टर म्हणाले.

‘बघू’ या शब्दाचा अर्थ साऱ्या जगात ‘नाही’ असा होतो. बाईंच्या लेखी मात्र तो ‘हो’ होता, कारण त्यात ‘नाही’ कुठेच आलं नव्हतं.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“आधी तपासण्या कराव्या लागतील,” डॉक्टर घाईघाईनं म्हणाले आणि होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या तपासण्या लिहून मोकळे झाले. जे आपल्याला म्हणवत नाही ते रिपोर्ट म्हणतील, असा त्यांचा डाव होता.

रिपोर्टांनी त्यांना दगा दिला नाही. साखर चढलेली, रक्तदाब चढलेला, आणि झोपेच्या तपासणीत तर असं निघालं की बाईंचा श्वास रात्रभर मधूनमधून चक्क थांबत होता. रिपोर्ट इतके वाईट होते की डॉक्टरांना हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. त्यांनी फोन लावला.

“बाई, साखर फार जास्त आहे. अशा साखरेवर ऑपरेशन...”

“किती हवी?”

डॉक्टरांनी आकडा सांगितला.

“आणि रक्तदाब?”

डॉक्टरांनी तोही सांगितला.

“बरं,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

डॉक्टरांनी आनंदात दुपारी एक झोप काढली. संकट टळलं असं त्यांना वाटलं. गृहपाठ देऊन बसलोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

महिन्याभरानं बाई काठी टेकत परत आल्या आणि सरळ डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. साखर सांगितल्याप्रमाणे, रक्तदाब सांगितल्याप्रमाणे. इतकी वर्षं त्या गोळ्या आठवण झाली तर घेत होत्या, आता घड्याळ लावून घेत होत्या. चहातली साखर गेली होती, बिस्किटं गेली होती. वजन मात्र जागचं हललं नव्हतं.

“पास?” बाईंनी विचारलं.

“पास, बाई. पण...”

बाई हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत राहिल्या. डॉक्टरांचं ‘पण’ बराच वेळ हवेत लटकून राहिलं आणि शेवटी दमून खाली पडलं.

“मग तारीख दे,” बाई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यातली एक तारीख आपल्याच तोंडून बाहेर पडताना डॉक्टरांनी ऐकली.

ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी डॉक्टर त्यांच्याबरोबर कितीतरी वर्षं काम करत होती. तिनं यादीत बाईंची तारीख पाहिली, रिपोर्ट चाळले आणि ती थेट त्यांच्या खोलीत आली.

“एवढं वजन. झोपेत श्वास अडकतो. आणि तू हिची चरबी काढणार?”

“छे. मी कशाला काढतोय?”

“मग तारीख का दिलीस?”

“मागितली म्हणून. शाळेतल्या बाई आहेत माझ्या.”

तिनं चष्मा काढला. “हे बघ, मी हिला भूल देणार नाही. आणि तूही हिला हात लावणार नाहीस, तेवढी अक्कल तुला आहे. मग सांगून टाक ना तिला.”

“तू सांगतेस?”

“माझा काय संबंध? मी वेगळ्या शाळेतली,” ती म्हणाली आणि निघून गेली.

डॉक्टरांनी सिस्टरला बोलावलं. सिस्टर फोनवर बोलण्यात पटाईत होती. पैसे बुडवणाऱ्यांपासून ते जाहिरातवाल्यांपर्यंत सगळ्यांना ती वाटेला लावत असे. तिनं ऐटीत फोन लावला, दोन वाक्यं बोलली, मग गप्प झाली. मग चार वेळा “हो, बाई” म्हणाली आणि फोन अलगद खाली ठेवला.

“काय म्हणाल्या?”

“माझ्या एका वाक्यात ‘डॉक्टर म्हणाले की’ दोनदा आलं. एकदा पुरतं, म्हणाल्या.”

“आणि ऑपरेशनचं?”

“ज्याचं त्यानं बोलावं, म्हणाल्या. मध्ये माणूस घातला की उत्तर चुकतं.” सिस्टरनं फोन दूर सरकवला. “मला त्यांनी नंबर विचारला, डॉक्टर. मी म्हटलं, मी तुमच्या शाळेत नव्हते. तर म्हणाल्या, तरी असेलच ना कुठला तरी.”

मग डॉक्टरांनी मन घट्ट करून स्वतःच फोन केला.

“बोल,” बाई म्हणाल्या.

“बाई, ऑपरेशनच्या दिवशी...”

“हं.”

पलीकडे शांतता पसरली. फोनवर खिडकी दिसत नव्हती, पण ती तिथे होती.

“...उपाशीपोटी या,” डॉक्टर म्हणाले.

“येईन. आमच्या सगळ्या निवृत्त मंडळींना सांगितलंय मी. बावीस करतोय म्हटलं. सगळ्यांना कौतुक आहे तुझं.”

आता उरली होती बायको. ती दुसऱ्या गावची, बाईंच्या वर्गात कधी न बसलेली, आणि स्पष्ट बोलण्याबद्दल तिच्या माहेरी ती प्रसिद्ध होती. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, “एवढंच ना? पत्ता दे. पाच मिनिटांचं काम.”

ती संध्याकाळी परत आली ती हसतमुखानं.

“काय गोड आहेत रे त्या.”

“कोण?”

“तुझ्या बाई. एकट्याच राहतात. घरात भिंतीला धरून चालतात. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत वाटेत तीन खुर्च्या मांडून ठेवल्यात, दम लागला की बसायला. मला चहा करून दिला, आणि तो करताना ओट्यापाशीसुद्धा स्टूल.”

“सांगितलंस का?”

“अरे, त्यांना काळजी पडली होती, ऑपरेशन झाल्यावर एकटीनं कसं उठायचं, कसं बसायचं. मला बघवेना. मी म्हटलं, आठवडाभर आमच्याकडे या राहायला.”

डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसले.

“आणि मला त्या घाबरल्यासारख्या वाटल्या,” बायको म्हणाली.

“बाई? घाबरल्या?”

“वाटल्या खऱ्या. परत परत विचारत होत्या, भूल नक्की उतरते ना.”

“तू दुसऱ्याच कुणाच्या घरी जाऊन आलीस,” डॉक्टर म्हणाले.

बायकोनं पाहुण्यांची खोली आवरायला घेतली. पलंगाला नवी चादर आली, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. डॉक्टर दांडी बसवणाऱ्या माणसाकडे नुसते बघत राहिले. न होणाऱ्या ऑपरेशननंतरची तयारी जोरात चालली होती, आणि ते होणार नाही हे माहीत असलेला माणूस भिंतीला भोकं पडत असताना टॉर्च धरून उभा होता.

तो दिवस उजाडला. डॉक्टरांनी दाढी करताना आरशासमोर चार वेळा तालीम केली. आरशातल्या बाईंनी प्रत्येक वेळी समजूतदारपणे मान डोलावली. बाईंच्या नावापुढची वेळ त्यांनी रिकामी ठेवली होती, ऑपरेशनच्या खोलीला कुलूप होतं आणि भूल देणारीला बोलावलंच नव्हतं. निदान शरीरानं तरी आपण काही चूक करणार नाही, एवढी तजवीज त्यांनी केली होती. चूक होणार होती ती तोंडाची.

बाई वेळेच्या आधीच आल्या होत्या. काय चाललंय याचा पत्ता नसलेल्या नव्या नर्सनं त्यांना आतल्या खोलीत नेऊन दवाखान्याचा गाऊन दिला होता. सगळ्यात मोठा गाऊनही मागून बंद होईना, म्हणून एक पुढून आणि एक मागून असे दोन चढवले होते.

डॉक्टर आत गेले. बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. चष्मा काढून ठेवलेला, केस मोकळे. पलंग उंच होता, त्यामुळे पाय जमिनीला पोचत नव्हते, आणि सुजलेले दोन गुडघे गाऊनच्या खालून दिसत होते. शाळेत डॉक्टरांनी बाईंचे पाय लोंबकळताना कधी पाहिले नव्हते. फळ्यापाशी त्या उभ्याच असायच्या, सहा सहा तास.

“झाली का तयारी?” बाईंनी विचारलं.

“बाई, मी हे ऑपरेशन करणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

शब्द बाहेर पडले होते. या खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे बाई डॉक्टरांकडेच बघत राहिल्या. आता थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही हे ओळखून डॉक्टर एका दमात बोलत सुटले.

“चाळीस किलो कुणीच काढू शकत नाही, बाई. मी फार तर चार-पाच काढीन, आणि तुमच्या गुडघ्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. तुमच्या पोटातली कितीतरी चरबी आतड्यांभोवती आहे, माझी नळी तिथवर जातच नाही. वरची काढली तर कातडी लोंबेल, कुठे खड्डा, कुठे उंचवटा. खाणं-चालणं तेच राहिलं तर वजन परत चढणार, इथं नाही तर दुसरीकडे. हे सगळं चालवून घेतलं असतं. पण पायात रक्ताची गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर? भूल दिल्यावर तुमचा श्वास थांबला आणि परत सुरू झाला नाही तर? मग गुडघे कुणाचे बदलायचे, बाई?” त्यांचा आवाज चिरकला. “हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

बाईंच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

“सुटले,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“सुटले म्हटलं. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या.” त्यांनी चाचपडत चष्मा लावला. “मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी तू हाकलून देशील. मग मी गुडघेवाल्याला सांगणार होते, बघ बाबा, मी गेले होते, नाही होत म्हणाले. तर तू म्हणालास बघू. मग तपासण्या काढल्यास. मी म्हटलं, यात नक्की नापास होईन. तर तू मला पास केलंस.”

“तुम्ही साखर उतरवून आलात, बाई.”

“अभ्यास दिला तर करायचा नाही?”

“मग तारीख कशाला मागितलीत?” डॉक्टरांनी विचारलं.

“तू ‘पण’ म्हणून अडलास. मी किती वेळ थांबले तेव्हा. म्हटलं आता बोलेल, मग बोलेल. फोनवरसुद्धा थांबले. तर तू म्हणालास उपाशीपोटी या.”

डॉक्टर स्टुलावर बसले. हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघणाऱ्या बाई त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की त्या वेळी घाम फुटलेला माणूस खोलीत एकटाच नव्हता.

“तुम्ही स्वतः नको म्हणाला असतात तर?”

“सगळ्यांना सांगून बसले होते रे,” बाई म्हणाल्या. “चाळीस वर्षं पोरांना सांगितलं, गणित हातात घेतलं की अर्ध्यात टाकायचं नाही.”

डॉक्टरांनी चहा मागवला, बिनसाखरेचा. आता तोंड उघडलंच होतं, तर त्यांनी सगळंच सांगून टाकलं. झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायचं यंत्र मिळतं, ते आधी लावायचं. आहाराचं बघणारी एक तज्ज्ञ आहे, तिच्याकडे जायचं. गुडघ्यांवर भार न टाकता पाण्यात चालायचा व्यायाम असतो. त्यानंही नाही भागलं तर पोटाची वेगळी ऑपरेशनं असतात, ती करणारा डॉक्टर वेगळा, तो तपासून ठरवेल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी शंका विचारल्या आणि दोन्ही ठिकाणी डॉक्टरांना नीट उत्तर आलं. पुढे बाईंनी तलावात चालायला सुरुवात केली, वर्ष-सव्वा वर्षात त्यांचा एक गुडघा बदलूनही झाला. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी चहा संपल्यावर बाईंनी कप खाली ठेवला आणि आवाज उतरवला.

“एक अडचण आहे.”

“काय, बाई?”

“बाहेर मोठ्या बाई बसल्यात.”

डॉक्टर स्टुलावरून उठून उभे राहिले. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांची चाहूल लागली की पोरं तर सोडाच, शिक्षकांच्या खोलीतले कपसुद्धा आपसूक बशीत जाऊन बसायचे. आता त्या ऐंशीच्या घरात होत्या.

“मला सोबत म्हणून आल्या असतील,” डॉक्टर आशेनं म्हणाले.

“सोबत कसली? बॅग भरून आल्यात. मी मंडळींना सांगितलं ना, बावीस माझे चाळीस किलो काढतो. त्या म्हणाल्या, मग माझे पंचवीस काढू दे. माझ्यानंतर त्यांचा नंबर लागलाय असं मी सांगून ठेवलंय.”

“तुम्ही त्यांना नाही का म्हणालात?”

“मोठ्या बाईंना?” बाईंनी डॉक्टरांकडे अशा नजरेनं पाहिलं की ते वरमले. “नोकरीला लागले तेव्हा एकदा त्यांच्यासमोर खडू पडला होता माझ्या हातातून. अजून स्वप्नात पडतो.” मग त्या पलंगावरून हळूच खाली उतरल्या आणि काठी घेतली. “तू सांग. तुला आता येतं.”

“तुम्ही बरोबर चला, बाई.”

“पुढे तू हो.”

दोघं बाहेर आले, पुढे डॉक्टर आणि मागे दोन गाऊन घातलेल्या बाई. मोठ्या बाई बाकावर ताठ बसल्या होत्या, पायाशी बॅग. त्यांनी बाईंना खालून वर आणि वरून खाली न्याहाळलं.

“झालं पण?” त्या म्हणाल्या. “काही कमी झालेलं दिसत नाही.”

“मोठ्या बाई,” डॉक्टर म्हणाले, “हे ऑपरेशन होणार नाही. यांचंही नाही आणि तुमचंही नाही. त्यात धोका आहे, आणि वजन त्यानं उतरत नाही.”

“असं?” मोठ्या बाईंनी मान बाईंकडे वळवली. “मग इतके दिवस तू मला काय सांगत होतीस?”

बाई जमिनीकडे बघायला लागल्या.

“आणि हिला असं कुणी सांगितलं होतं?”

डॉक्टरही जमिनीकडे बघायला लागले. फरशीच्या एका कोपऱ्यात तडा गेला होता, तो दोघांनाही बराच वेळ दिसत राहिला.

“सरळ उभे राहा,” मोठ्या बाई म्हणाल्या.

दोघंही सरळ उभे राहिले. काउंटरमागे बसलेली सिस्टरही उठून उभी राहिली.